ऊबमावशी आणि प्रवासाचा कोट

शिंप्याच्या त्या दुकानात कपडा शिवून झाला, काजं-बटणं झाली, दोऱ्यांची टोकं कातरली, तरी तो गिऱ्हाइकाला लगेच मिळायचा नाही. आधी तो मागच्या खोलीत जायचा. तिथे खिडकीपाशी, बिनहातांच्या खुर्चीवर ऊबमावशी बसलेली असायची. कपडा हातात घेऊन ती देवाचं नाव घ्यायची, तो अंगात घालायची आणि डोळे मिटून चाळीस श्वास मोजायची. मग स्पष्ट आवाजात म्हणायची, "अंग आहे, माणूस आहे, जागा नाही." एवढं झालं की कपडा उतरवून, घडी घालून पुढे दुकानात.

आता हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. त्या काळी मात्र नदीवरून धुकं उतरलं की गावात गारठीण फिरते, हे रांगतं मूल सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. गारठिणीला स्वतःचं अंग नाही. म्हणून ती रिकामे कपडे शोधत हिंडते. वारा नसताना दोरीवरचा सदरा हात हलवू लागला, किंवा खुंटीवरच्या कोटाची बटणं आपोआप लागलेली दिसली, तर समजावं, बाई येऊन गेली. म्हणून वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाह्यांना गाठ मारायची. दिवेलागणीला खिसे उलटे करून ठेवायचे. जुना कपडा पोतेऱ्याला काढायचा तर आधी त्याची बटणं कापायची. आणि एखादा नवरा खुर्चीच्या पाठीवर कोट टाकून जेवायला बसला, तर बायको म्हणायची, "तिलाही ताट वाढू का? बसलीये तुमच्या मागे ऐसपैस."

नव्या कपड्याचा धोका सगळ्यात मोठा. त्यात अजून कुणी राहिलेलंच नसतं. तिथे गारठीण आधी शिरली आणि मग माणसाने तो कपडा घातला, की माणूस मरत नाही, तापत नाही, पडत नाही. त्याला नुसता गारठा भरतो. बाहेरून कळतही नाही. पण त्याची आपली माणसं त्याला परकी होतात. तो सगळ्यांशी गोड बोलतो, अगदी अनोळखी दारात उभं राहून पत्ता विचारावा तसं. आईला "आपण" म्हणतो, भावाला "आपण" म्हणतो. तीन दिवसांत ओळख परतली नाही तर पुन्हा कधीच परतत नाही.

ऊबमावशीकडे हे काम सासूकडून आलं होतं. सासू म्हणजे चालती-बोलती चूल. थंडीच्या दिवसांत गल्लीतली मांजरं तिच्या पायाशी येऊन झोपायची. नवी सून घरात आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी तिचे दोन्ही तळहात आपल्या गालांवर दाबले आणि म्हणाली, "चालेल. भाकऱ्या जळल्या तरी चालतील, हात चांगले आहेत." पुढे नवरा लवकर गेला, सासूही गेली, मूल झालंच नव्हतं. दुकानाची मागची खोली, तिच्यावरचा झोपायचा माळा आणि हे काम, एवढंच उरलं. पण एवढं ज्याच्याजवळ असतं त्याला एकटं कसं म्हणायचं? गावातल्या निम्म्या माणसांच्या आधी ती त्यांच्या कपड्यांत राहून आली होती. फौजदाराचा नवा डगला अंगात घातला की कारागिरांना दम भरायची, "काय रे, चहा पिताय की काम करताय? आत टाकीन सगळ्यांना!" शाळेच्या बाईंचं पोलकं घातलं की आपोआप ताठ बसायची. नुकत्या जन्मलेल्या बाळाची अंगडी असली की ती मुठीवर चढवायची आणि मुठीशी बोबडं बोलत चाळीस श्वास मोजायची.

मास्तरांच्या धाकट्या लेकीचं पहिलं अंगडंही तिने असंच मुठीवर चढवलं होतं. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक, शिंपी. ही लेक म्हणजे टाचणी. अंगाने तशी आणि जिभेनेही तशी, म्हणून ते नाव. आईचे हात दिवसभर शिवणात गुंतलेले असायचे, त्यामुळे टाचणी मागच्या खोलीतच वाढली. ऊबमावशीच्या मांडीवर बसून तिच्याबरोबर श्वास मोजायची आणि मुद्दाम चुकवायची. "मावशी, तू एकोणतीस दोनदा म्हणालीस." "नाही गं." "म्हणालीस! आता त्या काकांच्या पँटीत गारठीण शिरणार." मग मावशी मुकाट्याने पुन्हा एकपासून सुरू करायची, कारण कुणी सांगावं?

त्या टाचणीचं लग्न झालं. नवरा घड्याळजी, नदीच्या पार पलीकडच्या टोकाला, बोटीने दोन दिवसांच्या वाटेवर त्याचं दुकान. माणूस सडसडीत आणि इतका अदबीचा, की खांबाला धडकला तरी "माफ करा" म्हणेल. त्याच्या घरी नवरा बायकोला आणि बाप मुलाला "आपण" म्हणत असे. टाचणीने पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि हसून हसून तिला ठसका लागला.

ती बोटीवर चढायची त्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी तिचा प्रवासाचा कोट पुरा केला. गडद तपकिरी लोकरी कापड, आत मऊ अस्तर, सहा बटणं. मास्तरांनी स्वतः एकेक टाका घातला होता, कारागिरांना हात लावू दिला नव्हता. कोट मागच्या खोलीत आला आणि मावशीने तो मांडीवर घेतला. पण अंगात घालायला तिचे हात धजेनात.

कारण एक गोष्ट तिने दोन महिने कुणाला सांगितली नव्हती. तिच्या अंगातली ऊब गेली होती.

थंडी सुरू झाली तेव्हा तिला वाटलं, वय झालं, होतं असं. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाचा सदरा उतरवला तर आतून तो घालताना होता तसाच गार. ती दचकली. पुढच्या कपड्याला ऐंशी श्वास मोजले, त्याच्या पुढच्याला शंभर. पायाशी शेगडी घेऊन बसली, दोन दोन शाली पांघरून बसली. तिच्या शेजारी निजणारं मांजर उठून दुकानात इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन झोपायला लागलं. मावशीने त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसांत धुकं नव्हतं म्हणून निभावलं. ती रोज देवाला म्हणायची, "आजचा दिवस सांभाळ, उद्या सांगते मास्तरांना." आणि उद्या उजाडला की पुन्हा तेच म्हणायची. सांगितलं तर मास्तर काही घराबाहेर काढणार नव्हते, हे तिला कळत होतं. पण मग त्या खुर्चीवर बसून करायचं काय?

टाचणीचा कोट तिने शेवटी घातला. दोनशे श्वास मोजले. अस्तराला हात लावला. गार. आणि बाहेर नदीवर धुकं दाटायला लागलेलं.

तेवढ्यात टाचणी पडद्यामागून ओरडली, "मावशी, झालं का? मला घालून बघायचाय!"

"आले, आले. थांब जरा."

कोपऱ्यात कोळशाची इस्त्री तापलेली होती. मावशीने कोट उलटा केला आणि अस्तरावरून इस्त्री फिरवली. बाह्यांतून फिरवली, पाठीवरून फिरवली. सासू म्हणायची की इस्त्रीची ऊब ही कुणाचीच नसलेली ऊब, रिकाम्या घरात दिवा लावून ठेवावा तशी. गारठिणीला ती उलट आवडते, दार उघडं आणि आत शेकोटी. मावशीला हे सगळं त्या क्षणी आठवलं, आणि तरी तिने इस्त्री फिरवली. मग शब्द म्हटले. घाईत पुटपुटले.

टाचणीने अस्तरात हात घातला. "अगं बाई, कसला ऊबदार! मावशी, तू म्हणजे तूच." तिने तो घातला, आरशासमोर गिरकी घेतली, काढला आणि खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दुकानात नुसती गर्दी. टाचणीला निरोप द्यायला आत्या, काका, मामा, मामी, चुलत बहिणी, शेजारी सगळे जमलेले. ट्रंका दाराशी लावलेल्या. बोट बाराला सुटायची. टाचणी तयार होऊन, कोटाची सहाही बटणं लावून उभी होती आणि आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

"डब्याला खालून कापड बांधलंय गं, उघडताना जपून."

"आपण उगाच त्रास घेतलात," टाचणी म्हणाली.

आई सगळ्यांकडे वळली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "ऐकलंत का? आपण! दहा दिवसांत कसं वळण लागलं बघा. मी वीस वर्षं घसा कोरडा केला, जावईबापूंनी नुसतं जवळ उभं राहून केलं."

सगळे हसले. घड्याळजी लाजून चष्मा पुसायला लागला. मामा म्हणाले, "बघू, मलाही म्हण. मला तर तू जाड्या म्हणतेस."

"आपण कसे आहात?" टाचणी म्हणाली.

पुन्हा हशा. मागच्या खोलीच्या पडद्याशी उभी असलेली मावशी मात्र हसली नाही. तिने स्वतःची समजूत घातली. सासरची रीत आहे, पोरीने उचलली, त्यात काय? चेष्टा करत असेल. पण चेष्टा करताना टाचणीची डावी भुवई वर जायची. ती जागची हलली नव्हती. मावशी पुढे झाली, तिच्या अगदी जवळ गेली.

"टाचणे," ती म्हणाली, "एकोणतीस दोनदा म्हटलं का गं मी?"

टाचणीने तिच्याकडे पाहिलं. दुकानात नवीन गिऱ्हाईक आल्यावर पाहतात तसं, हसून. "आपण बसा ना. उभ्या का?"

मावशीने तिचं मनगट धरलं आणि बोटं कोटाच्या बाहीत सरकवली. आत विहिरीच्या पायरीसारखा गारवा.

घड्याळात साडेदहा वाजलेले. मावशीला वाटलं, गप्प बसावं. दीड तासात बोट सुटेल. पोर सुखाच्या घरी जाईल, तिथे सगळेच "आपण" म्हणतात, कुणाला कळणारही नाही. कधीच कुणाला कळणार नाही. हा शेवटचा विचार मनात आला आणि त्यानेच तिचं तोंड उघडलं.

"मास्तर," ती म्हणाली, "हिच्या कोटात गारठीण आहे."

सगळे मावशीकडे वळले. मामींच्या कडेवरचं मूल तेवढं काहीतरी चघळत राहिलं.

"काय बोलताय मावशी?" मास्तर म्हणाले. "काल तुम्हीच ऊब दिलीत ना?"

"नाही दिली. माझ्या अंगात ऊब राहिलेली नाही. दोन महिने झाले. काल मी इस्त्री फिरवली."

"इस्त्री?" मास्तरीणबाई, म्हणजे टाचणीची आई, पुढे आल्या. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, माझ्या लेकीच्या कोटावर? पोटच्या पोरीसारखी वाढवलीत आणि इस्त्री? एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः घातला असता तो, शिवण उसवली असती तरी घातला असता! लाज नाही वाटली?"

"वाटली," मावशी म्हणाली. "म्हणून तर बोलले नाही."

मास्तर लेकीसमोर जाऊन उभे राहिले. "बेटा, मी कोण?"

"आपण या दुकानाचे मालक," टाचणी आदराने म्हणाली. "शिवण सुरेख आहे हो आपली."

मास्तरांनी खांद्यावरच्या मोजपट्टीने डोळे टिपले. मग मावशीकडे वळले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, कामाचा होता. "उपाय?"

"गर्दी करायची," मावशी म्हणाली. "सासूबाई सांगायच्या. जितकी माणसं आहेत तितक्यांनी तो कोट अंगात घालायचा. निदान एक बटण लागलं पाहिजे. आणि हिचे आपण कोण लागतो ते मोठ्याने सांगायचं. नातं ऐकलं की तिला बसायला कोपरा राहत नाही. पण कोट हिने आपण होऊन काढला पाहिजे. ओढला तर आतली हिलाच घेऊन जाईल."

सगळ्यांनी टाचणीकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी बटणं घट्ट धरली. "आपण तसदी घेऊ नये. मला असंच बरं वाटतंय."

आईने विनवलं, आत्याने दटावलं. घड्याळजीने तर हात जोडले. ती प्रत्येकाला गोड हसून नाही म्हणाली. अकरा वाजले. तेव्हा मास्तर दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि शिंप्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अरेरे. कॉलरच्या मागे कच्चा धागा राहिलाय."

टाचणीचा हात मानेकडे गेला. "कुठे?"

"मागे. पांढरा. चारचौघांत दिसेल. द्या इकडे, आत्ता काढून देतो."

उसन्या अंगाला मिरवायची हौस मोठी. तिने एकेक करून सहा बटणं सोडली आणि कोट मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो घेतला तो थेट अंगातच चढवला. खांद्यांवर कापड ताणलं, मनगटं वीतभर बाहेर आली. "मी हिचा बाप!" ते ओरडले. "जागा नाही!"

मग जी धांदल उडाली ती त्या गल्लीने पुढे कितीतरी वर्षं सांगितली. मास्तरीणबाईंनी रडत रडत कोट घातला आणि "आई आहे मी तिची, आई! जागा नाही, चालती हो!" म्हणून असा आवाज काढला की बाहेर उभ्या टांग्याच्या घोड्याने कान टवकारले. आत्याने घातला. काकांनी घातला. मामांचं पोट आडवं आलं. एक बटण लावायला तिघं लागले, पोट आत घेऊन मामा जेमतेम "मी मामा..." म्हणाले आणि बटण सुटून थेट कातरकामाच्या टेबलाखाली गेलं. "लागलं होतं! लागलं होतं! मी पाहिलं!" मामी ओरडल्या. "वीस वर्षं सांगतेय, दुसऱ्यांदा घेत जाऊ नका!" मास्तरांनी सुई-दोरा दातांत धरला, बटण लावलं आणि कोट मामींना दिला. मामींनी कडेवरच्या मुलाला कोटात घेऊन एका फेरीत दोन नाती उरकली. चुलत बहिणी झाल्या. शेजारीण झाली, तिने "मी हिच्या शेजारची, हिने माझ्या खिडकीची काच फोडली होती, जागा नाही" असं सविस्तर सांगितलं. घड्याळजीची पाळी आली. तो कोट घालून, कानापर्यंत लाल होऊन उभा राहिला.

"मी... आपला..."

"आपला-बिपला नको!" मावशीने त्याला दरडावलं. "सरळ सांगा!"

"मी हिचा नवरा," तो म्हणाला. "जागा नाही. माफ करा."

टाचणी या सगळ्याकडे पाहत होती. आधी नुसती हसरी, मग गोंधळलेली. मामांच्या बटणाच्या वेळी तिची डावी भुवई किंचित हलली. पण अजून ती कुणाला काही म्हणाली नव्हती. सतरा माणसं झाली. पावणेबारा झाले. धक्क्यावरून बोटीची पहिली घंटा आली.

"कोण राहिलं?" मास्तरांनी विचारलं.

मग मास्तरांनी कोट मावशीपुढे धरला.

मावशी मागे सरली. "मी नको. माझ्या अंगाने पुन्हा गार होईल. आणि मी तशी... नात्यातली कुठे आहे?"

"घाला," मास्तर म्हणाले.

तिने हात घातले. आणि तिथेच थांबली. अस्तर गरम होतं. इस्त्रीसारखं कोरडं गरम नव्हे. त्यात मास्तरांचा घाम होता, मामींच्या मुलाची लाळ होती, आत्याचं केसांचं तेल होतं. सतरा अंगांची ऊब तिच्या पाठीला लागली, खांद्यांतून दंडांत उतरली, दोन महिने गारठलेली बोटं मोकळी झाली. तिने वरचं बटण लावलं. तोंड उघडलं, पण काय सांगायचं ते तिला सुचेना. मी हिची कोण? दुकानामागच्या खोलीत राहणारी? खोटं बोललेली?

"मी हिची..." ती म्हणाली आणि अडकली.

"मावशी!" टाचणी वैतागून म्हणाली. "अजून काय? सकाळपासून काय चाललंय तुमचं सगळ्यांचं? आणि तू रडतेस कशाला गं? बाबा, माझा कोट ताणून ठेवलात! जाड्यामामा, तूसुद्धा घातलास ना, खरं सांग!"

मास्तरीणबाईंनी तिला मिठीत घेतलं आणि तिच्या पाठीत दोन धपाटेही घातले. मावशीने शब्द पुरे केले, "जागा नाही," एवढेच, आणि कोट उतरवून टाचणीच्या खांद्यांवर घातला. धक्क्यापर्यंत सगळे पळत गेले. बोट सुटताना मावशीने घड्याळजीला बाजूला घेतलं. "जावईबापू, रीत तुमची चांगली आहे. पण हिला तू म्हणायला शिका, आणि हिच्याकडूनही म्हणवून घ्या. नाहीतर तुम्हाला कळायचं कसं?"

"आपण म्हणाल तसं," तो म्हणाला.

मास्तरीणबाई मावशीशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी चहाचा कप आणून खुर्चीशी जरा आपटूनच ठेवला, आणि ते मिटलं. मावशीने मात्र धक्क्यावरून परत आल्याबरोबर शाली, शेगडी, देवाची तसबीर असं सगळं बांधायला घेतलं होतं. मास्तर पडदा सारून आत आले. हातात दोन नवे सदरे.

"उद्या द्यायचेत हे," ते म्हणाले.

"मास्तर, सांगितलं ना. माझ्यात ऊब नाही."

"माझ्यात आहे. मी घालतो. तुम्ही श्वास मोजा आणि शब्द म्हणा. मला मोजता येत नाही, मी मध्येच कापडाचा हिशेब करायला लागतो."

तसंच पुढे नऊ वर्षं चाललं. तयार कपडे विकायला येऊ लागले, धुकंही आधीसारखं दाटेना, बाह्यांना गाठी मारायचं लोक हळूहळू विसरले. पण त्या दुकानातून कपडा बाहेर पडायच्या आधी मागच्या खोलीत मास्तर कधी फौजदाराच्या डगल्यात, कधी शाळेच्या बाईंच्या पोलक्यात हात पसरून उभे असायचे, आणि खुर्चीवरून मावशीचा आवाज यायचा, "हलू नका हो. सव्वीस. सत्तावीस. पोट आत घ्या, शिवण उसवेल. अठ्ठावीस."